शेळ्यांनी सोडलेली शेंग

"वाजव," सर म्हणाले.

मी वाळकी शेंग कानाशी धरून हलवली.

"काय ऐकू आलं?"

"खुळखुळ, सर."

"तू एम.एस्सी. आहेस ना, घोंगडे?"

"फर्स्ट क्लास, सर."

"एवढं उत्तर बालवाडीतलं पोरही देईल. बिया किती? भरलेल्या का पोचट? साल जाड का पातळ? आण इकडे."

मी शेंग त्यांच्या तळहातावर ठेवली आणि ती आपोआप वाजू लागली. निंबर्गी सरांना चार वर्षांपासून कंपवात होता. उजवा हात झोपेत काय तो थांबायचा. शेंग कानापर्यंत पोचायच्या आधीच इतकी वाजली की बाहेरून जाणारा शिपाई डोकावून गेला. सर थोडा वेळ स्वतःच्याच मुठीकडे बघत राहिले.

"पूर्वी मी डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून जात सांगायचो," ते म्हणाले. "आता सगळ्या एकसारख्याच वाजतात."

हसावं की नाही ते मला ठरवता आलं नाही. म्हणून मी डांबरगोळ्यांचा डबा उघडला, आत पाहिलं आणि परत बंद केला.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या कॉलेजात, हर्बेरियममध्ये, दर अकरा महिन्यांनी वाढणाऱ्या करारावर कामाला होतो. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं ग्रंथालय. जाड पांढऱ्या कागदावर फांदी, फुलं, शेंगा दोऱ्यानं टाके घालून शिवलेल्या असतात. कोपऱ्यात नाव, गाव, तारीख. आमच्याकडे असे एकोणीस हजार कागद होते आणि ते बघायला वर्षाकाठी चारेक माणसं यायची. त्यातली दोन संडास कुठे आहे ते विचारायला आलेली असायची. घरी कुणी कामाचं विचारलं की मी सांगायचो, मेलेल्यांची हजेरी घेतो. आई म्हणायची, असं बोलू नये. पण काम तेच होतं.

सर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी रोज यायचे. ही खोली त्यांनीच उभी केली होती, त्यामुळे त्यांना येऊ नका म्हणायची कुणाची छाती नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी एका कागदावरचं चुकीचं नाव पेनानं खोडलं, तेव्हा ते जे ओरडले ते मला अजून ऐकू येतं.

"खोडायचं नाही! कधीच नाही! चुकलेलं नावसुद्धा कुणीतरी विचार करून दिलेलं असतं. खाली दुसरी चिठ्ठी चिकटव. तुला काय वाटतं ते लिही, सही कर, तारीख घाल. म्हणजे उद्या तू मूर्ख ठरलास तर तेही तारखेनिशी कळेल."

काही कागदांवर अशा पाच-पाच चिठ्ठ्या होत्या. पन्नास वर्षांत पाच जणांनी एकमेकांना सभ्यपणे खोटं पाडलेलं आणि वरती झाड बिचारं तसंच, काही न बोलता.

तर, खुळखुळा. खुळखुळा म्हणजे माळावरचं कमरेएवढं झुडूप. पिवळी फुलं, फुगीर शेंगा. वाळल्या की आतल्या बिया वाजतात. कूळ तुरीचंच, पण तुरीचं वरण होतं आणि याचं काहीच होत नाही, त्यामुळे याचं नाव कुणी विचारत नाही. अपवाद निंबर्गी सर. १९८३ साली त्यांनी हिंगणीच्या माळावर एक वेगळाच खुळखुळा शोधला, नवीन जात म्हणून छापून आणला आणि त्याला बायकोचं नाव दिलं. क्रोटालारिया प्रमिले. लॅटिनचे सगळे नियम पाळून दिलेलं नाव; पण सर ते उच्चारायचे तेव्हा आतल्या खोलीत कुणाला तरी हाक मारल्यासारखं वाटायचं.

प्रमिलाबाई हर्बेरियमच्या कागदांवर टाके घालायच्या. बिनपगारी, घरचं काम उरकून. ज्या हिवाळ्यात ती जात ठरली त्या हिवाळ्यात त्या दवाखान्यात होत्या, आणि शोधनिबंध छापून आला तेव्हा त्या नव्हत्या.

त्यानंतर तीस वर्षांत ते झुडूप कुणालाही पुन्हा सापडलं नाही. आणि आता परदेशातल्या एका मोठ्या हर्बेरियममधून पत्र आलं होतं. जगातल्या यच्चयावत खुळखुळ्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या एका बाई होत्या. पत्र अतिशय नम्र होतं. डिसेंबर संपायच्या आत ताजा नमुना, किंवा निदान मूळ कागदाचे तपशीलवार फोटो मिळाले नाहीत, तर ही जात ग्रंथातून वगळावी लागेल.

"वगळावी लागेल," सरांनी पुन्हा वाचलं. "शब्द बघ. मेली म्हणत नाहीत. वगळली."

"सापडेल, सर."

"तीस वर्षं मी काय माळावर झोपा काढल्या?" मग आवाज खाली आला. "सगळीकडे शोधलं मी, घोंगडे. अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत. फक्त हिंगणीला परत गेलो नाही. एकदाही नाही."

का, ते मी विचारलं नाही. मी विचारण्यासारखं काही आलं की डांबरगोळ्यांकडे वळायचो.

"तू जा," सर म्हणाले. "पण आधी मूळ कागद पाठ कर."

मूळ कागद म्हणजे ज्याच्यावरून जात ठरली तो. लाल कडेच्या फोल्डरमध्ये, कुलपात. मी तो सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. काय बघायचं ते सोपं होतं. त्या भागात दोन साध्या जाती आहेत, सर त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरलीच्या फुलाची चोच, म्हणजे खालच्या पाकळ्यांचं टोक, पिळलेली, फांदीवरची लव सपाट निजलेली, शेंग गुळगुळीत. धाकटीची चोच सरळ, लव ताठ उभी, शेंग मखमली. लांबून बघितल्या तर सख्ख्या बहिणी. प्रमिलेचं वैशिष्ट्य हे की तिचं फूल थोरलीसारखं आणि शेंग मात्र धाकटीसारखी मखमली. असं दुसरं कुठेच नव्हतं. म्हणून तर नवीन जात.

कागदावर डावीकडे फुलांची फांदी होती, सप्टेंबरातली. उजवीकडे शेंगांची बोडकी काडी, डिसेंबरातली. यात गैर काही नाही; एकाच झाडाचे दोन ऋतूंतले तुकडे एका कागदावर शिवतातच. बारीक, एकसारखे टाके होते. काडीवरची लव तीस वर्षांत झिजून गेली होती. पण दुसऱ्या टाक्याचा दोरा किंचित सरकला होता आणि त्याच्याखाली, कुणाचा हात न लागलेल्या जागी, लव शाबूत होती.

उभी.

फुलांच्या फांदीवरची निजलेली. शेंगांच्या काडीवरची उभी.

मी काच पुसली. चहा मागवला. चहा प्यायलो. परत पाहिलं. उभीच. ऋतू बदलला म्हणून झाडाची लव उठून उभी राहत नाही. म्हणजे फुलं थोरलीची होती आणि शेंगा धाकटीच्या. दोन अगदी साधी झुडपं एका कागदावर शिवून तिसरं तयार झालं होतं. तीस वर्षं ते कुणाला सापडत नव्हतं याचं कारण ते या एका कागदाबाहेर कुठेच उगवत नव्हतं.

"काही विशेष?" पलीकडच्या खुर्चीतून सरांनी विचारलं.

"टाके सुरेख आहेत, सर."

"दवाखान्यातल्या कॉटवर बसून घातलेत. मी शेजारी स्टुलावर भिंग घेऊन वर्णन लिहीत होतो. नर्स ओरडत होती, कसला कचरा आणलाय म्हणून." ते थोडंसं हसले. "त्यानंतर प्रमिलानं सुई हातात घेतली नाही. शेवटचा कागद तो."

मी फोल्डर बंद केला. कुलूप लावलं. कुलूप लागलंय का ते तीनदा ओढून पाहिलं, जणू आतलं काहीतरी बाहेर येईल.

*

नोव्हेंबरच्या शेवटी मी हिंगणीला गेलो. कशाला गेलो ते आजही नीट सांगता येणार नाही. जे नाही ते शोधायला जाणारा माणूस एकतर संत असतो किंवा करारावर असतो.

माळ म्हणजे नुसतं पिवळं गवत, मधेमधे काटेरी झुडपं, आणि वर गरज नसताना एवढं मोठं आभाळ. सरांनी सांगितलेला धनगर, मायाप्पा, अजून होता. सत्तरीचा, अंगावर घोंगडी, पुढे पंचवीस-तीस शेरडं.

"नाव काय म्हनला मास्तर?"

"घोंगडे."

"मग थंडीची काळजी न्हाई," असं म्हणून तो इतका हसला की मला वाटलं, माझं इथलं काम झालं, आता परत जावं.

"मामा, निंबर्गी सर आठवतात का? कॉलेजचे?"

"टोपीवालं सायेब व्हय? झाडं कागदात दाबायचं? मीच की फिरवायचो त्यास्नी. मानूस लाख, पन जल्मभर खाली बघून चालायचं आन तरी ठेचाळायचं."

मी त्याला खुळखुळा दाखवा म्हणालो. त्यानं काठीनं एक झुडूप दाखवलं. चावून चावून त्याचे नुसते खुंट राहिले होते. "ह्ये शेरडं खात्यात." मग हातभर पलीकडचं दाखवलं, शेंगांनी लगडलेलं, पानालाही धक्का नाही. "ह्याला त्वांड लावत न्हाईत. बारीक कुसं हायत ना, घशाला लागत्यात."

पहिलं थोरलं, दुसरं धाकटं. निजलेली लव, उभी लव. मला दीड वर्ष आणि एक सूक्ष्मदर्शक लागला होता. शेळ्या हे काम नाश्त्याच्या वेळात करत होत्या, आणि करारही मागत नव्हत्या.

मायाप्पा खडकावर बसला. काठी आडवी ठेवली.

"एक इचारू का मास्तर? खरं सांगायचं."

"विचारा की."

"बाईंस्नी गुन आला का?"

"कसला गुण?"

"त्या शेंगांचा."

मला काही कळेना. तो माझ्याकडे बघत नव्हता, शेरडांकडे बघत होता.

"त्या साली सायबानं यष्टीच्या कंडक्टरसंगं चिठ्ठी धाडली. मला वाचाया येत न्हाई, त्यानंच वाचून दावली. बाई लई आजारी हाय, मला येता येत न्हाई, आपुन खूण केलेल्या झुडपाच्या शेंगा लगोलग धाडा. मी पळत सुटलो. जाऊन बघतो तर माझ्याच शेरडांनी झुडूप पार बोडकं केल्यालं. एक शेंग ठिवली न्हाई भाड्यांनी."

"मग?"

"मग काय. कंडक्टर हॉर्न वाजवाय लागला. शेजारचं झुडूप तसंच दिसत हुतं, त्ये बी खुळखुळ वाजत हुतं. त्याची काडी मोडून दिली. घरात आजारी मानूस, आन आपुन न्हाई कसं म्हनायचं?" त्यानं घोंगडी सारखी केली. "त्येच्यानंतर सायेब फिरकलं न्हाईत. मला वाटायचं, आपुन चुकीचं औशिद दिलं. बाईंचं काय बरंवाईट झालं आसंल, म्हनून सायेब त्वांड बघना. तीस सालं झाली. कुनाला इचारायचं?"

माझ्याकडे कुठल्याही प्रसंगाला पुरेल असा विनोदांचा साठा असायचा. मी तो सगळा धुंडाळला. त्यात हे बसेल असं काही नव्हतं.

"गुण आला," मी म्हणालो.

"व्हय?"

"लगेच. बऱ्या झाल्या. पुढं बरीच वर्षं होत्या."

"आन सायेब का आलं न्हाईत मग?"

"बदली झाली त्यांची."

मायाप्पानं डोक्यावरचा पटका काढला, मांडीवर ठेवला, पुन्हा डोक्यावर ठेवला. मग फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं धरली. "खावा," एवढंच म्हणाला. मी खाल्ली. आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं इतकं सोपं गेलं होतं, आणि वर भाकरी मिळाली होती.

सोपं गेलं, म्हणूनच पुढचं झालं. परत निघताना एका खडकाच्या कपारीत, शेळ्यांचं तोंड पोचणार नाही अशा जागी, थोरलीची एक फांदी अजून फुलावर होती. मी ती तोडली. चार पावलांवरच्या धाकटीची शेंगांची काडी मोडली. दोन्ही एकाच ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली. मायाप्पानं जे केलं होतं तेच मी केलं. फरक इतकाच, की मला वाचता येत होतं.

*

मी पोचलो तेव्हा सर घरी, कॉटवर होते. आदल्या आठवड्यात न्हाणीघरात पडल्यापासून त्यांचं बाहेर येणं बंद झालं होतं. त्यांची मुलगी, शैलजाताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. शाळेतून येऊन त्या सरांना भरवत होत्या. आई गेली तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. कॉटच्या वर भिंतीला चौकटीत सरांनीच शाईनं काढलेलं प्रमिलेचं चित्र होतं. पिळलेल्या चोचीचं फूल, खाली मखमली शेंग. बहुतेक घरांत त्या जागी गेलेल्या माणसाचा फोटो असतो.

"मिळाली, सर."

ताईंच्या हातातला चमचा थांबला.

"कुठे?" सर म्हणाले.

"खडकाच्या कपारीत. एकच झुडूप होतं."

"फूल?"

"चोच पिळलेली."

"शेंग?"

"मखमली."

"भिंग दे."

त्यांनी भिंग डोळ्याला लावायचा प्रयत्न केला. ते कपाळावर, नाकावर, गालावर आपटत राहिलं. ताईंनी त्यांचं मनगट धरलं, तर दोघांचेही हात हलू लागले. मी याच्यावरच विसंबलो होतो, हे आता लपवण्यात अर्थ नाही. येताना एसटीत मी ते सगळं नीट योजून ठेवलं होतं: भिंग धरता येणार नाही, सूक्ष्मदर्शक कॉलेजात, म्हणजे माझा शब्द चालेल.

सरांनी भिंग पांघरुणावर टाकलं.

"फांदी दे."

मी फुलांची फांदी दिली. त्यांनी ती डाव्या हातात धरली, तोंडाजवळ नेली आणि खालच्या ओठावरून हळूच ओढली. एकदा खालून वर, एकदा वरून खाली. मी असं कुणाला करताना कधी पाहिलं नव्हतं.

"आमच्या वेळी पावसात भिंगावर वाफ धरायची," ते म्हणाले. "तेव्हा असंच बघायचो. लव निजलेली का उभी, ते ओठाला बरोबर कळतं. ओठ अजून थरथरत नाहीत माझे. आता ती काडी."

मी काडी दिली. दुसरं काय करणार? शेंगा त्यांच्या हातात वाजू लागल्या. त्यांनी काडी ओठावरून ओढली. खालून वर. वरून खाली. मग परत एकदा. मग ती ओठालाच लावून ते थांबले. खोलीत नुसत्या शेंगा वाजत होत्या.

"काय हो, बाबा?" ताईंनी विचारलं. "तीच आहे ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताईंकडे.

"तीच," ते म्हणाले. "शैला, आई सापडली तुझी."

ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ नळ चालू होता. मग रव्याचा वास यायला लागला. शिरा करत होत्या.

"मायाप्पा भेटला?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

"हो सर. बरा आहे. तुमची आठवण काढत होता."

"शेंगांसाठी मी त्याला चिठ्ठी धाडली होती तेव्हा."

"म्हणाला तो."

"आणखी काय म्हणाला?"

"काही नाही, सर."

"हं." त्यांनी काडी फांदीच्या शेजारी, वर्तमानपत्रावर नीट ठेवली. "दाबून वाळव. पाच-सहा दिवसांनी शीव. टाके तूच घाल, शिपायाला देऊ नकोस. आणि पत्र मी सांगेन तेव्हाच धाड."

शिऱ्यात तूप जास्त झालं होतं. आम्ही तिघांनी तो सगळा संपवला. मी समजलो की जमलं.

डिसेंबरच्या एकोणीस तारखेला पहाटे सर गेले. झोपेतच. मी गेलो तेव्हा त्यांचा उजवा हात छातीवर होता, आणि खोलीत आलेला प्रत्येक माणूस आधी त्या हाताकडे बघत होता.

*

दिवस झाल्यावर पत्राचं आठवलं. डिसेंबर संपायला एक दिवस उरला होता. सरांनी 'धाड' म्हटलंच नव्हतं, पण आता म्हणायला कोण येणार होतं? मूळ कागदाचे फोटो काढावेत, माझ्या कागदाचेही काढावेत आणि सगळं पाठवून द्यावं, असं मी ठरवलं. प्रमिला ग्रंथात राहील. वगळली जाणार नाही. कुणाचं काय बिघडतं? मी कुलूप काढलं, लाल कडेचा फोल्डर उघडला.

मूळ कागदावर, खालच्या कोपऱ्यात, नवीन चिठ्ठी होती. अक्षर ओळखू येत नव्हतं. मुंगी शाईत पडून कागदावरून चालत गेल्यासारखं. नावं लॅटिनमध्ये होती, पण साध्या मराठीत अर्थ असा:

'फुलं थोरलीची, शेंगा धाकटीच्या. मिश्र नमुना. अशी जात नाही. द. शं. निंबर्गी.' खाली तारीख. अकरा डिसेंबर.

वरचं नाव तसंच होतं. क्रोटालारिया प्रमिले. खोडलेलं नव्हतं.

मी आणलेला नमुना दाबून, वाळवून, शिवून नऊ तारखेला याच कपाटात ठेवला होता. तो काढला. त्याच्यावरही चिठ्ठी होती, ही सरळ मराठीत:

'हाही मिश्र. टाके वाईट. संग्राहक मुलगा चांगला आहे. नमुना फेकू नये.'

तारीख तीच.

ताईंनी मग सांगितलं, सरांनी त्या दिवशी हट्टानं रिक्षा मागवली होती. मी दाखल्यासाठी सोलापूरला गेलो होतो. शिपायानं कुलूप काढून दिलं. सरांनी ताईंना बाहेर बाकावर बसवलं आणि दोन चिठ्ठ्या लिहायला त्यांना पाऊण तास लागला.

तीस वर्षं त्यांना जे कळलं नव्हतं ते मी कळवलं होतं. मूळ कागदावरची काडी ओठाला लावता येत नाही. ती शिवलेली असते, आणि ज्या हातांनी शिवली त्यांच्यामुळे कुणी दोरा उसवून बघितलाही नसता. मी त्याच चुकीची ताजी, ओली, न झिजलेली नक्कल करून त्यांच्या हातात दिली. मी गप्प बसलो असतो, हात हलवत परत आलो असतो, तर ते प्रमिलेला शोधत शोधत गेले असते.

मला हसू यायला लागलं. बराच वेळ येत राहिलं. शिपाई डोकावला. एरवी तो डोकावून जायचा. त्या दिवशी गेला नाही, पाणी घेऊन आला.

फोटो मी ईमेलनं पाठवले. मूळ कागदाचे, चिठ्ठीसकट. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, आभार मानणारं. तीन वर्षांनी ग्रंथ निघाला. सातशे पानांचा. शेवटी, अगदी शेवटी, वगळलेल्या नावांची यादी आहे. तिथे एक ओळ.

*

जानेवारीत ताई हर्बेरियममध्ये आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत. सरांचीच खुर्ची होती ती.

"एक काम होतं रे. तू आणलंस त्या झाडाच्या बिया असतील ना? दारात लावावं म्हणते. आईचं झाड."

मी कपाटाकडे पाहिलं. दोन्ही कागद आत होते. ताईंना दाखवायचे म्हटले तर एक मिनिटाचं काम. सरांनी कागदावर खरं लिहिलं होतं आणि घरात, शिरा व्हायच्या आधी, दुसरं बोलले होते. त्यांनी दोन्ही विचार करूनच केलं असणार.

"आहेत," मी म्हणालो.

नुसत्या धाकटीच्या बिया दिल्या असत्या तर भागलं नसतं. कॉटच्या वर ते चित्र होतं. पहिलं फूल उमललं की ताई चोच बघणार, सरळ निघाली की विचारणार. म्हणून जूनमध्ये मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. एकच आळं केलं. त्यात दोन बिया टाकल्या, एक माळावरून मुद्दाम आणलेली थोरलीची, एक धाकटीची, अगदी चिकटून. ताईंनी तांब्यानं पाणी घातलं. शेजारच्यांच्या दारात एक शेळी बांधलेली होती. ती मान वर करून आमच्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाठ करून आळ्यातली माती सारखी केली.

झाड चांगलं आलं. फांद्या एकमेकींत इतक्या गुंतल्या की कुठली कुणाची ते मलाही सांगता आलं नसतं. गणपतीत ताईंनी फोन करून सांगितलं, फूल आलंय, चित्रातल्यासारखंच, चोच पिळलेली. नवरात्रात सांगितलं, शेंग धरलीय, मखमली.

दिवाळी झाल्यावर पुन्हा फोन आला. माझा करार तोवर संपला होता, मी पुण्यात एका खतांच्या कंपनीत पत्रकं लिहीत होतो.

"घोंगडे, अरे, शेजारची शेळी सुटली. फुलांची सगळी बाजू खाऊन टाकली तिनं, पार खुंट केला. आणि गंमत बघ, शेंगांच्या बाजूला तोंडसुद्धा लावलं नाही. एकाच झाडाचं अर्धं खायचं आणि अर्धं सोडायचं, असं कुठं असतं का रे?"

पलीकडून शेंगांचा आवाज येत होता. बहुधा त्या झाडाजवळ उभ्या होत्या, हातात एक काडी धरून.

"असतं, ताई," मी म्हणालो. "ते झाड तसंच आहे. पहिल्यापासून."